हैदराबाद ते नागपूर

"आई, विमान दुसरा कुणी पायलट आणेल. तू माझ्याबरोबर ट्रेननं चल," मुलगा विनवत होता.

"नको. आम्ही दोघांनी आणलंय, मीच घरी नेते," कुंदा म्हणाली.

आपल्या छोट्या विमानातून नागपूरहून तिरुवनंतपुरमला जाऊन यायचं, हे तिनं आणि दिगंबरनं निवृत्त झाल्यापासून मनात धरलं होतं. जाणं छान झालं. परतताना हैदराबादच्या हॉटेलात चहा पितापिताच दिगंबरच्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं. तिथंच अग्नी दिला. आता शेवटचा टप्पा तेवढा उरला होता.

उडवणं तिला नवं नव्हतं. लायसन्स दोघांनी बरोबरच काढलं होतं. नकाशा धरायला कुणी नव्हतं, म्हणून तो तिनं शेजारच्या सीटवर उघडून ठेवला. गोदावरी मागे पडली, मग जंगल, मग ओळखीचे संत्र्यांचे मळे.

नागपूर जवळ आलं तसं टॉवरनं नेहमीप्रमाणे विचारलं, "विमानात किती जण?"

"दोन."

"दोन. ठीक," टॉवरवरचा आवाज म्हणाला.

काही बरंवाईट झालं, तर ही माणसं दुसऱ्याला शोधत बसतील. तिनं पुन्हा बोलायचं बटण दाबलं.

"एक," ती म्हणाली. "मी एकटीच आहे."

इतके दिवस भेटायला येणाऱ्यांसमोर कोरडे राहिलेले डोळे आता भरून आले. समोरची धावपट्टी दिसेनाशी झाली. तिनं बाहीनं डोळे पुसले आणि विमान खाली घेतलं.