अनसाबाईंची फुंकर

रंगराव घोरायला लागले की गल्लीतल्या म्हशी दूध चोरत, असं लोक सांगत, आणि त्यात खोटं फारसं नव्हतं. म्हणूनच बस डेपोने ड्रायव्हरांना श्वासाची नळी घरी दिली, तेव्हा ड्रायव्हर असलेल्या रंगरावांना घाम फुटला. भरदिवसा तिच्यात दहा वेळा फुंकलं की झोपेत घसा मिटून श्वास अडतो का, ते कळायचं. अडत असेल तर स्टिअरिंग बंद.

"अनसे, तूच फुंक. तू झोपतेस मांजरीसारखी!"

"अहो, नाही नाही ते धंदे तुमचे," म्हणत अनसाबाईंनी हसत फुंकलं.

नळीवर लाल अक्षरं उमटली: श्वास फार अडतो, ताबडतोब उपचार घ्या.

"यंत्राला अक्कल नाही," म्हणत रंगरावांनी निकाल पुसला, देवाचं नाव घेऊन स्वतःच फुंकलं आणि चक्क पास झाले! गल्लीभर पेढे वाटले.

वर्षभराने अनसाबाई दुपारच्या झोपेतून उठल्याच नाहीत.

"यांनी एकदा नळीत फुंकलं असतं, तर वाचल्या असत्या हो," डॉक्टर हळहळले.

"नळी ड्रायव्हरांना मिळते, डॉक्टर. आईला कोण देणार?" लेक म्हणाली.

रंगरावांनी तोंड उघडलं. बाबांना तहान लागली असेल असं वाटून लेकीने पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि ते मुकाट पाणी प्यायले.