वाजलं की थांबायचं

"पट्टा आधी ओला करावा लागतो, काकाजी. सूखा असला तर धडधड पकडत नाही," हृषीकेश म्हणाला आणि त्याने ओलं बोट पट्ट्याच्या आतल्या बाजूवरून फिरवलं.

तुकोगंजमधल्या त्याच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात परदेशी माल नुकताच येऊ लागला होता. अण्णांनी बनियन वर करून पट्टा छातीभोवती बांधून घेतला. शेजारी त्यांची मुलगी अरुंधती दोन डबे समोर ठेवून उभी होती. दोन्हींत एक छातीचा पट्टा आणि एक मनगटावरचं घड्याळ. एक घड्याळ ठोक्यांचा नुसता आकडा दाखवायचं. दुसरं, ठोके मर्यादेच्या वर गेले की वाजायचं.

डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. हृदय थकलंय. पळणं सोडत नसतील तर नाडी एकशेवीसच्या वर जाऊ देऊ नका. गेली की तिथेच थांबायचं, नाहीतर एखाद्या दिवशी रस्त्यातच राहतील.

अण्णा पळणं सोडणार नव्हते. कापडाची मिल बंद झाल्यावर कुणी भाजीचा ठेला लावला, कुणी गावी गेलं, अण्णा पळू लागले. आधी अन्नपूर्णेच्या देवळापर्यंत, मग लांब, आणखी लांब. दिवाळीनंतर त्यांना थेट गौतमपुऱ्याला पळत जायचं होतं, जुन्या सोबत्याच्या घरी.

"संताजीला सांगून ठेवलंय," ते हृषीकेशला म्हणाले. "तर मला विचारतो, विष्णू, बसवाल्यांशी झगडा झाला काय रे तुझा?"

हृषीकेश हसला. अरुंधतीला हसू आलं नाही. संध्याकाळच्या बसने ती पुण्याला परत जाणार होती, आणि आई गेल्यापासून घरी अण्णा एकटेच होते.

"वाजणारं बघू," ती म्हणाली. पळताना अण्णा चष्मा काढून खिशात टाकत. आकडा त्यांना दिसला नसता.

"ट्रायलसाठी लिमिट एकदम कमी लावलीय, काकाजी. वाजलं की थांबायचं. चला, जागच्या जागी."

अण्णा त्या दोघांकडे तोंड करून जागच्या जागी पळू लागले. थोड्या वेळाने घड्याळ बारीक, टोकदार आवाजात वाजू लागलं. हृषीकेशने आणि अरुंधतीने एकदमच अण्णांच्या मनगटाकडे पाहिलं. अण्णांनी हात वर केला.

"वाजलं! काय भिया, पास झालो ना?"

"फर्स्ट क्लास, काकाजी."

अरुंधतीने दुसरा डबा बाजूला सारला. "हेच द्या."

अण्णांची नजर मात्र कोपऱ्यातल्या धावायच्या मशीनवर होती. ते भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. "याच्यावर चढू काय जरा? फुकटात?"

"चढा ना. तुमचंच दुकान आहे."

मशीन सुरू झालं. अण्णा पळू लागले. पाठीमागून ते कितीतरी तरुण दिसत होते. घड्याळ वाजू लागलं. अण्णा पळत राहिले.

"काकाजी मस्ती करतायत," हृषीकेश म्हणाला.

"अण्णा, वाजतंय." मग ती मोठ्याने ओरडली, "अण्णा!"

दुकानातली गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. अण्णांचे पाय त्याच लयीत पडत होते. अरुंधती धावत गेली आणि तिने मशीनचं लाल बटण दाबलं.

मशीन थांबलं तसे अण्णा वळले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच हात वर केला.

"वाजलं!"

अण्णांचा सगळा जन्म मिलच्या मागांमध्ये गेला होता. तिथल्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. समोरच्याचे ओठ पाहायचे आणि समजून घ्यायचं, हीच तिथली बोलायची रीत. घरीसुद्धा आई स्वयंपाकघरातून हाक मारत नसे, हात पुसत त्यांच्या समोर येऊन उभी राहायची. अण्णांना जरा कमी ऐकू येतं, एवढंच अरुंधती धरून चालली होती. मघाशीही त्यांनी घड्याळ ऐकलं नव्हतं. त्यांनी त्या दोघांचे डोळे पाहिले होते.

पहाटेच्या रस्त्यावर त्यांच्या समोर कुणीच नसे.

"याच्याहून मोठा आवाज असलेलं आहे का?" तिने हृषीकेशला हळूच विचारलं.

"नाही ताई. याचा आवाज कमी-जास्त पण होत नाही."

"किंवा मनगटाला कळेल असं? थरथरणारं वगैरे?"

"तसं आपल्याकडे आलंच नाही अजून. हे दोनच आहेत."

अण्णा पट्टा सोडत होते. कपाळावर घाम होता आणि चेहरा खुशीत. "हेच घे, अरू. आता तू पुण्यात निवांत राहा. हे ओरडलं की मी थांबलोच समज."

हृषीकेश डबा घेऊन काउंटरमागे गेला आणि खाली वाकून कागद शोधू लागला. त्याला कळू नये म्हणून अरुंधती अण्णांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून तिने विचारलं, "अण्णा, खरं सांगा. त्याचा आवाज येतो तुम्हाला?"

"येतो ना," अण्णा मोठ्याने म्हणाले. "अगदी स्पष्ट येतो."

हृषीकेशने काउंटरवरून डोकं वर काढलं.

"कुणाशी बोलताय, काकाजी?"