लाडवाची टोपली

बायको विमलताई गेल्याचा फोन यवतमाळच्या दवाखान्यातून सकाळी आला, तेव्हा सदाशिवराव फवारणीचा पंप खोलून बसले होते. त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा पंपच बघू लागले. चार घरं पलीकडून रहेमान मिस्त्री धावत आला. गावातले सगळे पंप तोच दुरुस्त करायचा. त्यानं सदाशिवरावांच्या हातातून पंप काढून घेतला.

"सोड बे. उलटा धरला तू," तो म्हणाला. मग दोघंही रडले.

सुतकात घरात चूल पेटत नाही. डबा शेजाऱ्यांनी द्यायचा. पहिल्या दिवसापासून तो रहेमानच्या घरून येत होता, त्याच्या बायकोच्या, जैनबबीच्या हातचा.

"भाभी, पुतणीच्या, आपल्या सुरभीच्या लग्नात तुमच्या लोकाइनं माहे लाडू संपवले," सदाशिवराव म्हणाले. "आता त्याचं उट्टं काढून राह्यलो."

जैनबबी हसली. पूर्वीसारखी नाही.

सदाशिवरावांना माणसांची नावं पाडायची भारी हौस. कंपाउंडर घनश्याम म्हणजे 'थर्मामीटर'. सावकाश चालणारे भावसिंग म्हणजे 'पॅसेंजर', सगळ्या स्टेशनांवर थांबणारे. स्वतःची बायको 'हेडक्वार्टर'. त्यांनी एकदा नाव दिलं की ते माणसाला जन्मभर चिकटायचं. सदाशिवरावांना शेतीपेक्षा या पिकाचा अभिमान जास्त.

विमलताई हायस्कुलात इतिहास शिकवायच्या. सात वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर त्यांनी एक वही लिहायला घेतली. जगात कुठे कुठे काही लोकांनी दुसऱ्या लोकांना मुळासकट संपवायला घेतलं, त्याची वही.

"लोकाइच्या बायका पापड लाटतात," सदाशिवराव चारचौघांत सांगायचे, "माही मुडदे मोजते."

"मुडदे नाही, नावं," त्या म्हणायच्या. "मारायच्या आधी सगळ्यांनी नाव बदललंय. माणूस म्हणत म्हणत माणसाला मारवत नाही हो."

यावर सदाशिवराव जांभई द्यायचे.

अकराव्या दिवशी शेजारचा इंद्रजित भेटायला आला. दोन लेकरांचा बाप, बोलायला गोड. त्याची नजर डब्यावर गेली.

"काका, तुम्ही बोंडअळीच्या घरचं खाऊन राह्यले?"

"कोणाच्या घरचं?"

"रहेमानच्या दुकानाच्या शटरवर लिहिलं ते वाचलं नाही काय? 'बोंडअळी. बाहेरून दिसत नाही, आतून पोखरते.' यंदा कापसाले भाव नाही आन् हे लोक पाहा, धंदे करून राह्यले मजेत. अळी म्हटल्यावर फवारणी करावीच लागते ना काका." तो हसला.

"माणसाले अळी म्हणतो?" सदाशिवराव उठून उभे राहिले. "कोणी शिकवलं बे तुले हे? तो मोबाइल फेक पहिले!"

इंद्रजितनं त्यांच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं, पण सुतकाचं घर म्हणून मिटलं, आणि तो निघून गेला.

दुपारी रहेमान आला. दुरुस्त केलेला पंप त्यानं ओट्यावर ठेवला.

"वायसर नवा टाकला. आता उलटा धरशीन तर मी नाही इथं सुलटा कराले. उद्या सकाळी दिग्रसले जाऊन राह्यलो. मुजफ्फरकडे."

"पोराकडे? किती दिवस?"

"सामान भरलं सगळं."

सदाशिवरावांनी त्याचं मनगट धरलं. "तेरवीले तर थांब. हेडक्वार्टरले काय वाटन?"

"थांबलो असतो. जैनबबी ऐकत नाही. शटरवरचं तिनं तीन वेळा पुसलं. चौथ्या वेळी तिचा हात उठला नाही."

"कोण्या नालायकानं काढलं हे नाव? त्याचं थोबाड दाखव मले एकदा!"

रहेमाननं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यानं सदाशिवरावांच्या खांद्यावरचा उपरण्याचा सुटलेला पदर नीट केला.

"जाऊ दे ना सदाभाऊ," तो म्हणाला. "निघालं असन कोणाच्या तोंडून, हासता हासता."

तो गेला. सदाशिवरावांचा राग काही जाईना. अशी नावं कोण काढतं ते आपल्या बाईनं वहीत नक्की लिहिलं असणार, असं त्यांना वाटलं. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चष्मा लावून ती वही उघडली.

प्रत्येक पानावर पाच रकाने होते. कुठे. आधी काय बिनसलं. काय नाव ठेवलं. कोणी ठेवलं. पुढे काय झालं.

जर्मनी. युद्ध हरले, पैसा रद्दी झाला. उवा, उंदीर. पुढाऱ्यांनी आणि छापखान्यांनी. साठ लाख माणसं.

रवांडा. कॉफीचा भाव पडला. झुरळं. रेडिओवाल्यांनी. शंभर दिवसांत आठ लाख.

सदाशिवराव पानं उलटत गेले. देश बदलत होते. दुसरा रकाना फारसा बदलत नव्हता. नावं बहुतेक किड्यामुंग्यांची. आपली शेतकऱ्याची जात किडे ओळखते, पण एवढे किडे त्यांनी एका ठिकाणी कधी पाहिले नव्हते.

शेवटच्या पानावरचं अक्षर थरथरत होतं. दवाखान्यात जायच्या आठवड्यातलं.

आपलं गाव. कापसाचा भाव पडला. बोंडअळी. आमच्या यांनी, सुरभीच्या लग्नात. रहेमानभाऊंच्या लोकांनी लाडू संपवले, झाकलेली टोपली वरून भरलेली दिसली आणि आतून रिकामी निघाली, म्हणून. सगळे हसले. रहेमानभाऊ सगळ्यांत जास्त.

पाचवा रकाना कोरा होता.

रहेमानची गाडी सकाळी सातला येणार आहे. जैनबबीचा डबा घासून ओट्यावर ठेवला आहे. तो घेऊन चार घरं पलीकडे जायचं सदाशिवरावांचं अजून राहिलं आहे.