बद्रीनाथकाकांचा ‘ब’

“माणूस आत घेऊन दार तुम्हीच लावलं, आणि आता म्हणता, तो घरी गेला?” निशा दवाखान्याच्या काउंटरवर कडाडली.

टाळेबंदीत औरंगपुऱ्यातला तिचा सुलेखन वर्ग फोनवर चालायचा. रोज एक अक्षर गिरवायचं, खाली नाव लिहायचं, फोटो टाकायचा. वर्गातले बद्रीनाथकाका इथल्या कोरोना वॉर्डातल्या खाटेवरूनही टाकायचे. त्यांच्या नावातल्या ‘ब’ची गोलाई कायम उघडी राहायची, आणि निशा तिला रोज लाल खूण करायची. तीन दिवस मात्र फोटोच नव्हता.

“कशाला ओरडता, ताई? परवाच सही करून गेले ना ते,” म्हणत कारकुनानं कागद सरकवला.

निशानं सही पाहिली आणि ‘ब’वर बोट ठेवलं.



“लई सुबक ‘ब’ आहे हा. काकांना असा कधीच जमला नाही. सही कुणी केली? आमचे काका कुठं आहेत?”