न घातलेला कोट

"हा कोट अंगात घातला होता का?" परदेशी विमानतळावरच्या कर परताव्याच्या खिडकीत अधिकाऱ्याने विचारलं. वापरलेल्या वस्तूवर कर परत मिळत नव्हता. सहलीतले तिघे नुकतेच हात हलवत परतले होते.

शरयूबाईंनी ताठ मानेने खोका पुढे सरकवला. सील जसंच्या तसं होतं.

आठ दिवस बर्फात कुडकुडत मुलगा, निशिकांत, विनवत होता, "आई, आता तरी घालू दे ना!" आणि त्यांचं एकच पालुपद, "देवापुढे ठेवल्याशिवाय नवी वस्तू वापरायची नाही." सहलीतले सगळे त्यांना हसले होते.

अधिकाऱ्याने शिक्का मारला. करकरीत नोटा हातात पडल्या.

"आई, जिंकलीस! चल, गरम कॉफी पिऊ," म्हणत निशिकांतने नोटांकडे हात नेला.

बाईंनी पर्स मिटली. "आधी देवापुढे!"