पांढरा कान

पिल्लाचा उजवा कान पांढरा होता.

बाकी सगळं सयामी मांजराचं असावं तसंच. साईच्या रंगाचं अंग, निळे डोळे, आणि नाक, पंजे, शेपटी, डावा कान असे काळपट तपकिरी, की चुलीत तोंड घालून आल्यासारखं वाटावं. फक्त उजव्या कानाचं टोक कोरं राहिलं होतं.

"ते नका बघू ताई," सारिका म्हणाली. "त्याच्या रक्तातच खोट आहे. हौसेला न्यायचं तर निम्म्या किमतीत देईन. पण हे दुसरं घ्या. आईबापाचे कागद आहेत, लशीचं कार्ड आहे."

"मांजरले कागद!" दिपमालाचे वडील, नाना, मफलरीतून हसले. "मन्हा सातबारा सापडत नही, आणि हाई मांजर कागद लिसन फिरस. आपली गल्लीमा फुकट भेटस ना व माय!"

दिपमालाने ऐकलं नाही. जळगावहून पहाटेची बस धरून ती धुळ्याला आली होती ती याच जातीसाठी. सारिका देवपुरातल्या या दोन खोल्यांच्या घरात चार वर्षं सयामी मांजरं वाढवून विकत होती. पुढच्या खोलीतच, खिडकीखालच्या पलंगावर, तिची सासू भिकुबाई, घरातल्यांची अक्का, गळ्यापर्यंत गोधडी ओढून पडून होती. बाहेर जानेवारीची थंडी होती. फरशीवर पाय ठेववत नव्हता.

"दिवाळीच्या पाडव्याला उजव्या अंगावरून वारं गेलं," सारिका नानांना सांगत होती. "वाचाही गेली. नुसते ओठ हलतात दिवसभर." तिने पलंगाखालून कापसाची टोपली बाहेर सरकवली. "आणि हे असं अर्धवट राहिलं. लक्ष वातींचा संकल्प होता अक्कांचा. टीव्ही बघताना, माझ्याशी भांडतानासुद्धा अंगठा आणि बोट चालूच. ऐंशी हजारांवर अडलं. डॉक्टर म्हणाले, हात गेला तो गेला. हाताचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना मी कालच सांगितलं, आता येऊ नका. नाना, तुमच्याकडे कुणी वाती वळणारं असेल तर ही टोपली घेऊन जा. पुण्य तरी लागेल."

भिकुबाईंनी मान वळवली. टोपलीकडे बघितलं आणि मग भिंतीकडे.

दिपमाला पिल्लाला मांडीवर घेऊन खिडकीच्या उजेडात बसली. प्राणिशास्त्राची पदवी घेताना तिने या मांजराबद्दल वाचलं होतं. सयामी पिल्लू आईच्या पोटातल्या उबेत वाढतं, म्हणून पांढरं जन्मतं. पुढे अंगाचा जो भाग गार राहतो, तिथे उगवणारा केस काळवंडतो. जो भाग ऊबदार राहतो, तिथला फिका येतो. वाचलं त्याच दिवशी तिने ठरवलं होतं, की हा थंडीचा नकाशा एकदा तरी मांडीवर घ्यायचा.

आणि आता मांडीवरचा नकाशा एका जागी चुकत होता. कानासारखा पातळ अवयव धुळ्याच्या अशा गारठ्यात सगळ्यांत काळा व्हायला हवा.

तिने कान हलकेच उलगडला. पांढरा डाग दोन्ही बाजूंना होता. बाहेरून अंगठ्याच्या पेराएवढा. आतून त्याहून अरुंद, बोटाच्या टोकाएवढा.

"याच्या कानाला पट्टी बांधली होती का हो?"

"नाही बा."

"हे झोपतं कुठे?"

"अक्कांच्या गोधडीत. चालायला लागलं तेव्हापासून. तेही नेहमी उजवीकडेच. डाव्या हाताने त्या जेवतात, पाणी पितात, धक्का लागतो. उजवीकडे कसं निवांत." सारिका खिन्न हसली. "तो हात काय हलतोय!"

दिपमालाने मान वर केली.

"याच्या रक्तात काही खोट नाही, सारिकाताई. हा कान कुणीतरी बोटांच्या उबेत धरून ठेवतंय. रोज, तासन्तास."

"कोण धरणार? घरात मी आणि अ..."

सारिकाने पलंगाकडे बघितलं.

दिपमालाने पिल्लू जमिनीवर ठेवलं. त्याने अंग ताणलं, जांभई दिली, उडी मारून पलंगावर गेलं आणि गोधडीची कड नाकाने उचलून आत शिरलं. उजवीकडे. गोधडीवर एक उंचवटा सरकत गेला आणि थांबला. नाना काहीतरी बोलणार होते. दिपमालाने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

दोन मिनिटं गेली. चार गेली. आतून घरघर ऐकू येऊ लागली, लहानशी आणि एकसारखी. भिकुबाईंचे डोळे छताला लागले होते आणि ओठ हलत होते. रोजच्यासारखेच.

सारिका पलंगाशी गेली. तिने गोधडीची कड चिमटीत धरली आणि झोपलेल्या बाळावरून दुपटं काढावं तशी वर उचलली.

पिल्लू डोळे मिटून पडलं होतं. कानाचं पांढरं टोक सासूच्या उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात होतं. अंगठा बोटावरून पुढे सरकला, जवभर. थांबला. मागे आला. पुन्हा पुढे सरकला, आणि त्याबरोबर ओठ हलले, एकदाच, मोजल्यासारखे. नानांनी नकळत डोक्यावरून मफलर उतरवली. सारिका खाली बसली आणि तिने कापसाची टोपली पोटाशी ओढून घेतली.

ऐंशी हजारांवर काहीच अडलं नव्हतं. भिकुबाई वाती वळत होत्या.