उजवीकडचा कंप्युटर

"डावीकडचा घ्यायचा की उजवीकडचा?" साहेबांनी विचारलं, आणि भिंतीवरच्या पडद्यावर दोन कंप्युटरची चित्रं बघून सगळं ऑफिस हरखलं. कुमुदला यातलं काहीच दिसत नव्हतं. अकरा वर्षं ती कानाला हेडफोन लावून, पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या भरवशावर मुलाखती टाइप करत आली होती. तो प्रोग्राम फक्त विंडोजवर चालायचा.

"साहेब, यातला विंडोजवाला कुठला?" तिने विचारलंही. पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अहो, काय देखणा आहे हा!" आणि तिचा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला.

"उजवीकडच्याला किती हात?"

शेजारच्या सुलभाताईंनी तिचं कोपर धरून हात वर केला. "कर गं, सगळ्यांनी केलाय." दर वेळी हिच्यामुळेच अडतं, असं कुणी म्हणायला नको, म्हणून कुमुदने तो तसाच वर ठेवला.

उजवीकडचा निघाला मॅक, विंडोज नसलेला. सोमवारी त्याच्यासमोर बसून तिने सवयीच्या कळा दाबल्या. हेडफोनमधून आवाज आला नाही. पुन्हा दाबल्या. मग ती भिंतीच्या आधाराने साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"यातही वाचून दाखवायची सोय आहे म्हणतात. शिकाल हळूहळू," साहेब म्हणाले. "तोवर बाहेर बसून फोन घ्या. टायपिंगसाठी मी दुसरं कुणीतरी बघतो."

"पण साहेब, मला कुणी विचारलंच नाही."

"असं कसं म्हणता, कुमुदताई? तुमचा हात वर होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."